भीतीचं बिल कुणी भरायचं?

बाळ आणि पाळीव प्राणी एका दमात घेतले की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. मूल ते मूल आणि कुत्रं ते कुत्रं, हे मलाही मान्य आहे. पण घरखर्चाच्या वहीत हे दोघं शेजारी शेजारी येतात आणि त्याला कारण आहे. दोघांनाही बोलता येत नाही. जो वस्तू वापरतो त्याला ‘हे मला बोचतंय’ किंवा ‘आधीचंच बरं होतं’ असं सांगता येत नाही. जो पैसे मोजतो त्याला वस्तूचा गुण स्वतः वापरून बघता येत नाही. अंगाचा साबण माणूस दोनदा वापरतो आणि पुन्हा घ्यायचा की नाही ते ठरवतो. दुधाच्या पावडरचा डबा किंवा मांजराचं खाणं घेताना तो ठरवतो ते डब्यावरच्या चित्रावरून, कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेल्या सल्ल्यावरून आणि मुख्य म्हणजे मनातल्या धाकधुकीवरून. स्वस्तातलं घेतलं आणि काही झालं तर?

या धाकधुकीवर मोठा धंदा चालतो. म्हणूनच बचतीचा विषय निघाला की ‘सवलतीची वाट बघा, मोठं पाकीट घ्या, कूपन जपून ठेवा’ हे जे ठरावीक सल्ले मिळतात, त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यांत गृहीत असं असतं की खरेदीची यादी बरोबर आहे, भाव तेवढा खाली आणायचा. माझ्या मते गडबड यादीतच आहे. तिच्यातल्या बऱ्याच वस्तू काढून टाकल्या तर कुणाचंही काही बिघडणार नाही. काही वस्तू तर पैसे मोजून घरात आणलेला धोका आहेत. उलट ज्या मोजक्या गोष्टींवर हात आखडता घेऊ नये, नेमकी तिथेच काटकसर होते, कारण त्या दिसायला देखण्या नसतात आणि त्यांचे फोटो काढून कुणी दाखवत नाही. आणखी एक: ही यादी तपासून दुरुस्त करण्याचं काम रात्र रात्र जागलेल्या आईबापांच्या माथी मारून समाजाला मोकळं होता येणार नाही.

पाळण्यापासून सुरुवात करू. जाहिरातीतला पाळणा डोळ्यांसमोर आणा. चारही बाजूंनी कापूस भरलेल्या मऊ कडा, गुबगुबीत दुलई, इवलीशी उशी, कोपऱ्यात दोन-तीन कापडी प्राणी, आणि मधोमध बाळ. आता बालरोगतज्ज्ञ सांगतात तो पाळणा बघा. सपाट, घट्ट गादी. तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर. बाळ पाठीवर निजलेलं. बस्स. दुसऱ्या पाळण्यात नसलेली प्रत्येक वस्तू पहिल्यात विकत घेतलेली आहे, आणि त्यांतली प्रत्येक वस्तू लहान बाळाच्या नाकातोंडावर येऊ शकते. काही आठवड्यांच्या बाळाला मान वळवून तोंड सोडवून घेता येतंच असं नाही.

झोपेत अचानक होणारे बालमृत्यू कमी करण्यात ज्या गोष्टीने सर्वांत जास्त हातभार लावला, तिला एक पैसाही पडत नाही: बाळाला पालथं न घालता पाठीवर निजवणं. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये याची देशव्यापी मोहीम हाती घेतली. त्यानंतरच्या दशकभरात अमेरिकेत अशा मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्याच काळात दुकानांत पाळण्याच्या मऊ कडा ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून विकल्या जात होत्या. अमेरिकेत त्यांच्यावर आणि बाळाला तिरपं निजवणाऱ्या पाळण्यांवर कायद्याने बंदी आली ती थेट २०२२ मध्ये. त्याआधी २०१९ मध्ये अशाच एका तिरप्या पाळण्याचे सुमारे ४७ लाख नग बाजारातून परत मागवावे लागले, कारण ३० हून अधिक बाळांचे मृत्यू त्या पाळण्याशी जोडले गेले होते. ४७ लाख वेळा कुणीतरी आपल्या बाळाला चांगली झोप लागावी म्हणून खिशात हात घातला होता. त्यांना निष्काळजी कसं म्हणायचं? काळजी होती म्हणूनच तर खरेदी झाली.

चालायला शिकवणाऱ्या चाकांच्या गाड्यांचं, म्हणजे वॉकरचं, तेच. त्याने मूल लवकर चालायला लागत नाही, आणि जिन्यावरून गडगडून डोकं फुटण्याची शक्यता मात्र वाढते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. इतरत्र तो अजूनही हौसेने भेट दिला जातो. बाळाचा श्वास आणि हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्या-मोज्यांबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: झोपेतल्या मृत्यूपासून बचाव म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. तरीही त्या खपतात, कारण रात्री तीन वाजता हिरवा दिवा बघितला की बरं वाटतं. बरं वाटण्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. पण त्याला संरक्षण म्हणून विकायला हरकत आहे.

दुधाच्या पावडरचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना ते जमत नाही किंवा ज्यांनी काही कारणाने तसं ठरवलेलं नाही, त्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी हा डबा अत्यावश्यक वस्तू आहे. म्हणूनच त्याच्या किमतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. तान्ह्या बाळाच्या पावडरमध्ये प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, क्षार किमान किती आणि कमाल किती असावेत याची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत आणि त्यांच्या आधारे देशोदेशीचे कायदे आहेत. अशा कायद्याखाली एकाच फळीवरचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग डबा, दोघांनाही तीच परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात हेच मांडलं: बाळाची पोषणाची गरज सगळेच डबे भागवतात, पण पालक महागडा डबा चांगला असणार असं समजून चालतात, आणि ही निवड पुष्कळदा बाळंतपणाच्या आसपास, माणूस सगळ्यांत हळवा असताना होते. एकदा एक डबा सुरू झाला की बदलायची छाती होत नाही. (ॲलर्जी असलेल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर ही वेगळी गोष्ट. तिथे आपली अक्कल चालवू नये.)

मग येतात ‘पुढच्या टप्प्यांचे’ डबे. दोन नंबर, तीन नंबर. सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी असं वेगळं दूध गरजेचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. तरी ते आहेत, कारण त्यांचं एक काम आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींना आवर घालणारी संहिता स्वीकारली. ११८ देश बाजूने, विरोधात एकटी अमेरिका. त्यानंतर अनेक देशांत पहिल्या टप्प्याच्या दुधाच्या जाहिरातींवर बंधनं आली. पुढच्या टप्प्यांच्या डब्यांना पुष्कळ ठिकाणी मोकळं रान राहिलं. डब्याचा रंग तोच, चित्र तेच, नाव तेच, फक्त आकडा वेगळा. जाहिरात दोन नंबरची बघायची आणि आठवणीत राहतो तो एक नंबर.

आता नेमकी उलटी बाजू. पैसे संपत आले की काही घरांत डबा पुरवण्यासाठी पावडर पातळ केली जाते. बाटलीत पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत, पण सपाट चमच्याऐवजी अर्धवट भरलेला चमचा. किंवा चमचे बरोबर आणि वरून थोडं जास्तीचं पाणी. दिसायला दूध तसंच पांढरं, बाळ पितंही तसंच आणि पोट भरल्यासारखं झोपतंही. पण वजन हटून बसतं. आणि लहान बाळाचं मूत्रपिंड जास्तीचं पाणी वेगाने बाहेर टाकायला तयार झालेलं नसतं, त्यामुळे रक्तातलं सोडियम उतरतं. ते फार उतरलं तर आकडी येते आणि जिवावर बेतू शकतं. म्हणजे एका घरात गरज नसलेला तीन नंबरचा डबा चढ्या भावाने येतो आणि दुसऱ्या घरात एक नंबरचा पातळ होतो. ‘समजून खर्च करा’ असा सरसकट सल्ला देणाऱ्याला यातलं पहिलं घर दिसतं. दुसऱ्या घराला समज नाही असं नाही, त्यांच्याकडे पैसे नाहीत.

डायपरच्या बाबतीत हेच जास्त उघडं पडतं. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा डायपर लागू शकतात. मोठं पाकीट घेतलं तर नगामागे स्वस्त पडतं, हे खरं. पण मोठं पाकीट घ्यायला हातात एकरकमी पैसे लागतात आणि ठेवायला घरात जागा लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो छोटं पाकीट घेतो आणि नगामागे जास्त मोजतो. गरिबाला तीच वस्तू महाग पडते ती अशी. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात कमी उत्पन्नाच्या मातांची पाहणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ३० टक्के मातांनी पुरेसे डायपर घेणं परवडत नसल्याचं सांगितलं. मग तोच डायपर जास्त वेळ ठेवला जातो. त्यातून पुरळ, त्यातून डॉक्टर, आणि रात्रभर रडणाऱ्या बाळामुळे दुसऱ्या दिवशीचं काम बुडतं ते वेगळंच.

कापडी लंगोट वापरा, हे उत्तर लगेच पुढे येतं. वापरावेत. पैशांच्या हिशेबात ते बहुतेक वेळा स्वस्त पडतात, आणि दुसऱ्या मुलालाही तेच वापरले तर आणखी. पर्यावरणाचा हिशेब मात्र धुण्याच्या पद्धतीवर ठरतो. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की मशीन पूर्ण भरून धुतले, उन्हावाऱ्यावर वाळवले, पुढच्या बाळाला वापरले तर लंगोट सरस ठरतात. फार गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवले तर हा फायदा हातचा जातो. पण माझा मुद्दा वेगळा आहे. लंगोट भिजवणं, धुणं, वाळत घालणं, घड्या घालणं हे रोजचं काम कोण करतं? बचतीच्या हिशेबात ते शून्य धरलं जातं, कारण करणाऱ्या बाईच्या तासांना वहीत रकाना नसतो. घरात दोघं मिळून धूत असतील तर बचत खरी. एकटी आई बाळंतपणानंतर महिन्याभरात बादलीशी बसत असेल तर त्याला बचत कसली म्हणायची, खर्च फक्त खिशातून कंबरेवर गेला. पैशांची काटकसर सुचवणाऱ्या प्रत्येक सल्ल्याला हा प्रश्न विचारून बघावा: यात वेळ कुणाचा जाणार आहे? पुष्कळ सल्ले तिथेच गळून पडतात.

कपड्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट होतं, उंची वर्षभरात पंचवीसेक सेंटिमीटरने वाढते. कपडा विटायच्या आधी तोकडा होतो. दुसऱ्याच्या बाळाचे कपडे, पुस्तकं, अंघोळीचा टब, खेळणी बेलाशक घ्यावीत आणि पुढे द्यावीत. अपवाद मोटारीतल्या बाळाच्या आसनाचा. त्याला अपघात झालाय का, त्याचा पट्टा आतून ताणला गेलाय का, हे बाहेरून दिसत नाही, आणि त्यावर मुदतीची तारीख असते ती उगाच नसते. पूर्वेतिहास माहीत नसेल तर जुनं आसन फुकटातही नको. जुन्या पाळण्याचंही तसंच. कड खालीवर सरकवता येणारे पाळणे अमेरिकेत २०११ पासून विकता येत नाहीत, कारण निसटलेल्या कडेच्या फटीत बाळं अडकली होती.

प्राण्यांकडे वळू. त्यांच्या खाण्याच्या बाबतीत पैसे वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय हा आहे: कमी घाला. हे मी थट्टेने म्हणत नाही. लॅब्राडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी दुसऱ्याला, आयुष्यभर. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३. वर सांधेदुखीही त्यांना उशिरा लागली. गंमत म्हणजे अभ्यासाला पैसा होता तो प्राण्यांचं खाणं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा. त्याचा निष्कर्ष पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेला मात्र मी कधी पाहिला नाही.

प्रत्यक्षात खाणं कसं वाढलं जातं ते बघा. पाकिटासोबत आलेला कप, नाहीतर घरातली एखादी वाटी. ती एक दिवस काठोकाठ, एक दिवस शिगोशीग, आणि दुसऱ्या कुणी वाढलं तर आणखी वेगळी. कॅनडात कुत्रे पाळणाऱ्या शंभर लोकांना कपाने कोरडं खाणं मोजायला सांगितलं तर पाव कपासारख्या लहान मापात काहींचं माप निम्म्यावर आलं आणि काहींचं दुपटीच्याही वर गेलं. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा हे काम चोख करतो. खाणं ग्रॅममध्ये मोजायचं, दिवसभरात तोंडात टाकलेला खाऊ त्यातून वजा करायचा, आणि बरगड्या बोटांना सहज लागतात का ते अधूनमधून चाचपायचं. लठ्ठ कुत्र्याचा खर्च दोनदा होतो. आधी खाण्यावर, मग सांध्यांच्या औषधांवर.

पाकिटांवरच्या विशेषणांबद्दल थोडक्यात. ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ यांना बहुतेक ठिकाणी कायदेशीर अर्थ नाही. अर्थ आहे तो ‘संपूर्ण व संतुलित आहार’ या शब्दांना आणि हा आहार कोणत्या वयासाठी आहे या ओळीला. ती ओळ सहसा मागच्या बाजूला, बारीक टायपात असते. किंमत किलोमागे बघितली तर फसगत होते, कारण ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि कोरड्यात दहा टक्क्यांच्या आसपास. कॅलरीमागे किंवा दिवसामागे काय पडतं ते काढायला हवं. धान्यविरहित खाण्याची महागडी लाट आली तेव्हा कुत्रा म्हणजे लांडगाच, असं सांगितलं गेलं. माणसाच्या सहवासात पिष्टमय पदार्थ पचवण्याची जनुकं कुत्र्यात वाढलेली आहेत, हे २०१३ मध्येच दाखवलं गेलं होतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा काही खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याचा तपास सुरू केला. कार्यकारण सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. पण जास्त पैसे देऊन जास्त आरोग्य मिळतं, हेही तर सिद्ध झालेलं नव्हतं.

‘मग घरीच शिजवू, स्वस्तात पडेल’ असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. मांजराचं तर आणखी अवघड. त्याला मांसातून मिळणारं टॉरीन हे पोषकद्रव्य लागतंच. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे जातात. घरचं खाणं वाईट नाही, पण ते पशुवैद्यकाकडून नीट आखून घ्यावं लागतं, आणि आखून घेतल्यावर ते फार स्वस्त उरत नाही.

औषधांतली काटकसर हा याहून वाईट प्रकार. घरात आहेच म्हणून मांजराला माणसांची पॅरासिटॅमॉलची गोळी दिली तर एकाच गोळीत ते दगावू शकतं. कुत्र्याच्या पिसवांचं, परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध ‘थोडंसंच’ म्हणून मांजराच्या मानेवर लावलं तर झटके येतात. जिथे खरोखर बचत होऊ शकते ती जागा दुसरीच आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पिल्लूपणातली मालिका आणि त्यानंतरची बूस्टर मात्रा पूर्ण झाली की प्रौढ कुत्र्याला डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस या विषाणूजन्य आजारांच्या लशी तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देण्याची गरज नाही. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांच्या लशींचं वेळापत्रक वेगळं, तिथे स्थानिक नियम आणि धोका बघायचा. यंदा नेमकी कोणती लस आणि का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नये. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. पण पिल्लाची मूळ मालिका चुकवू नये. पार्वो झालेल्या पिल्लाला सलाइनवर काढाव्या लागणाऱ्या दिवसांपुढे त्या लशींचा खर्च चिल्लर आहे. मादीची नसबंदी वेळेत केली तर पुढे गर्भाशयात पू होऊन मध्यरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया टळते. आणि सर्वांत मोठा आर्थिक निर्णय तर प्राणी घरात येण्याआधीच होऊन गेलेला असतो. चपट्या नाकाचं, श्वासासाठी धडपडणारं पिल्लू गोंडस म्हणून विकत घेणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांची बिलं आगाऊ मान्य करणं. त्या जिवाचे हाल तर वेगळेच.

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढं सगळं माहीत असायला आईबापांनी बालरोगतज्ज्ञ व्हायचं आणि कुत्रा पाळणाऱ्याने पशुवैद्यक? बरोबर आहे. तसं व्हावं लागू नये. म्हणूनच हा प्रश्न मी घरगुती मानत नाही. ग्राहकाने शहाणं व्हावं ही अपेक्षा जिथे ग्राहक वस्तू पारखू शकतो तिथे ठीक. जिथे पारखणंच अशक्य आहे तिथे पारखून देण्याची जबाबदारी कुणीतरी सार्वजनिक यंत्रणेने घ्यायला हवी. यावर नेहमीचा आक्षेप असा की मग बाजारात नवं काही येणारच नाही, सरकार लोकांच्या पाळण्यात डोकावणार. पण मऊ कडांवरची बंदी ही कुणाच्या आवडीवरची बंदी नव्हती. सुरक्षिततेच्या नावाखाली उलटं काहीतरी विकायला मनाई होती. नटवायचं असेल तर बाळाला हवा तो झगा घाला, कुत्र्याला हवा तो पट्टा घ्या. हौसेला मोल नसतं आणि मी कुणाच्या हौसेवर लिहीत नाही.

करता येण्याजोगं बरंच आहे आणि त्यातलं काही कुठे ना कुठे झालंही आहे. युरोपीय संघाने १९९८ मध्येच वस्तूंवर एककामागची, म्हणजे किलोमागची किंवा लिटरमागची, किंमत दाखवण्याचा नियम केला. तोच विचार पुढे नेऊन डायपरवर नगामागचा आणि प्राण्यांच्या खाण्यावर शंभर कॅलरीमागचा भाव मोठ्या अक्षरांत छापायला लावला तर दुकानात उभ्या असलेल्या माणसाला मोबाइलवर भागाकार करत बसावं लागणार नाही. दुधाच्या डब्यावर ‘सर्व डबे समान मानकानुसार’ ही ओळ छापणं सक्तीचं करता येईल, आणि पुढच्या टप्प्यांच्या डब्यांना पहिल्याचा मुखवटा घालायला मनाई करता येईल.

फिनलंडने १९३८ मध्ये गरीब मातांसाठी बाळाच्या सामानाची पेटी सुरू केली आणि १९४९ पासून ती सर्वांना खुली केली. कपडे, गादी, निगेच्या वस्तू. सरकारने एकगठ्ठा घेतलेलं सामान. मुख्य अट अशी की गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत आरोग्य तपासणी झालेली हवी. पेटी नको असेल तर रोख रक्कम मिळते, पण पहिलटकरणी बहुतेक पेटीच घेतात. मला त्यातली पेटीइतकीच तिच्यातली निवड मोलाची वाटते. आयुष्यातल्या सर्वांत गोंधळलेल्या महिन्यांत कुणीतरी निःस्वार्थीपणे यादी करून दिली की दुकानातल्या यादीचा जोर आपोआप कमी होतो. लॉस एंजेलिसमध्ये १९३५ सालच्या मंदीत खेळणी उसनी देणारं वाचनालयासारखं केंद्र निघालं. तशी केंद्रं आज पाळणे, बाबागाड्या, प्राण्यांचे पिंजरे यांसाठी निघायला काय हरकत आहे? तिथे सामान तपासून दिलं जाईल, म्हणजे जुन्या वस्तूच्या पूर्वेतिहासाचा प्रश्नही सुटेल.

कुत्र्याच्या रेबीज लशीचं बिल पूर्णपणे मालकाने भरावं, हे तर मला मुळीच पटत नाही. रेबीजने जगात वर्षाला अंदाजे ५९ हजार माणसं मरतात आणि जवळपास सर्वांना तो कुत्र्याच्या चाव्यातून होतो. लक्षणं दिसली की उपाय उरत नाही. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते. म्हणजे माझ्या कुत्र्याला टोचलेली सुई रस्त्यावर खेळणाऱ्या परक्या मुलालाही वाचवते. मालकाने पैशांअभावी ती टाळली तर भुर्दंड त्या मुलाला. अशी सुई फुकट आणि घराजवळ मिळायला हवी, आणि तिच्यावरचा खर्च माणसांच्या आरोग्याच्या अंदाजपत्रकातून व्हायला हवा.

राहिला पशुवैद्यकांचा दर. ब्रिटनमध्ये २०१३ साली सुमारे १० टक्के दवाखाने मोठ्या साखळ्यांच्या मालकीचे होते, ते प्रमाण दहाएक वर्षांत ६० टक्क्यांच्या आसपास गेलं. दवाखान्यावर पाटी मात्र पुष्कळदा जुन्याच नावाची राहिली. तिथल्या स्पर्धा नियामकाने चौकशी सुरू केली तेव्हा दिसलं की ८० टक्क्यांहून जास्त दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर दरच नव्हते. आजारी प्राणी मांडीवर घेऊन बसलेला माणूस भाव विचारायच्या मनःस्थितीत नसतो. विचारलं तर आपण कंजूष ठरू असं त्याला वाटतं. तेव्हा नेहमीच्या तपासणीचे, लशींचे, नसबंदीचे दर दारावर लावणं, शस्त्रक्रियेआधी लेखी अंदाज देणं आणि औषध बाहेरून आणायचं असेल तर मागताक्षणी चिठ्ठी लिहून देणं, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता बंधनकारक असावं. मालकी कुणाची आहे तेही त्याच पाटीवर लिहावं.